मुक्काम आधी ठरवा, वाटा मागून: गोव्याच्या सह्याद्रीत सहा दिवस सायकल आणि तंबू

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचे पाच जण, सगळे सात-आठ वर्षं डोंगरात माउंटन बाइक चालवणारे. डिसेंबर-जानेवारीत गोव्यात सहा दिवस मिळाले आहेत. किनारा नको. सह्याद्रीच्या पायथ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं, तंबूत राहायचं, सामान सायकलीवरच न्यायचं. मार्ग कसा आखावा आणि गडबड कुठे होते?

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा. वाळपईच्या आसपासच्या वाटांवर वीस वर्षं सायकल चालवतोय आणि बाहेरून येणाऱ्या मंडळींना घेऊनही बरीच वर्षं हिंडतोय. अनुभवी मंडळींची चूक बहुतेक वेळा एकच असते. ते नकाशावर आधी सुंदर रेघ ओढतात, दिवसाचे किलोमीटर मोजतात आणि जिथे संध्याकाळ होईल तिथे तंबूची खूण करतात. लडाखात किंवा स्पितीत हे चालून जातं. गोव्यात चालत नाही. इथे आधी पाच रात्री पक्क्या करा, मग त्या रात्री जोडणाऱ्या वाटा शोधा.

कारण सांगतो. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यातला साडेसातशेच्या आसपासचा भाग संरक्षित जंगल आहे आणि तो जवळजवळ सगळा पूर्व सीमेला, एकाखाली एक लागून आहे: सत्तरीत म्हादई (२०८ चौ. किमी), त्याखाली भगवान महावीर अभयारण्य आणि त्यातलंच मोले राष्ट्रीय उद्यान (मिळून २४०), मग नेत्रावळी (२११), शेवटी काणकोणात खोतीगाव (८६). म्हणजे तुम्हाला जी रेघ हवी आहे, ती नेमकी अभयारण्यांवरून जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे, आग पेटवणं तर त्याहून मोठा. मनाला येईल तिथे तंबू ठोकायचा प्रश्नच येत नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलात दिवसचे दिवस वणवे पेटले होते, हेलिकॉप्टरनं पाणी ओतावं लागलं. तेव्हापासून डोंगरात धूर दिसला की वनरक्षकाआधी गावचे लोक धावतात. त्यांचं बरोबरच आहे, त्या डोंगरावर त्यांच्या काजूच्या बागा आहेत.

मग राहायचं कुठे? गावात. कुणाच्या अंगणात, कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) कडेला, कापणी झालेल्या शेतात, किंवा देवळाच्या अग्रशाळेत (भक्तांच्या उतरण्याच्या खोल्यांत). यातलं काहीही ऐनवेळी संध्याकाळी सहाला मागू नका. पंधरा दिवस आधी फोन, जमलं तर एकाने येऊन भेट. देवळासाठी देवस्थान समितीला विचारायचं, आणि आवारात मांस-मासळी, दारू नाही हे न सांगता पाळायचं. अभयारण्यातून जाणाऱ्या प्रत्येक टप्प्यासाठी वन खात्याच्या वन्यजीव विभागाकडे लेखी अर्ज करा: नावं, तारखा, सायकलींची संख्या, कुठून शिरणार, कुठून निघणार. उत्तरेचं आणि दक्षिणेचं कार्यालय वेगळं आहे, अर्जही दोन. सायकलला नकार आला तर तो टप्पा गाडीरस्त्यानं करायचा. त्यावर वाद घालून काही मिळत नाही. बोंडला आणि मोले इथे वन खात्याच्या व्यवस्थेतल्या खोल्या आहेत, त्या राखीव म्हणून मनात ठेवा.

आता माझ्या मते रात्री अशा पडाव्यात. पहिली केरीला, अंजुणे धरणाच्या बाजूला. थिवी स्टेशनवर सकाळी उतरलात तर डिचोली, साखळी करून केरी तीस-पस्तीस किलोमीटर. पहिल्या दिवशी एवढंच. प्रवासाचा शीण आणि दमट हवा, दोन्ही अंगावर घ्यायचे आहेत. दुसऱ्या दिवशी सामान यजमानांकडे ठेवून पहाटेच चोर्ला घाट चढा. सलग पंधरा-एक किलोमीटरचा चढ आहे, सातशे मीटरच्या आसपास उंची मिळते. साडेआठनंतर बेळगावकडचे ट्रक आणि बस वाढतात, तोवर वर पोचलेलं बरं. खाली येऊन जेवण, दुपार टळल्यावर सामान बांधून वाळपईकडे. दुसरी रात्र नगरगाव-ब्रह्मकरमळीच्या पट्ट्यात. तिसऱ्या दिवशी म्हादई नदी ओलांडून साकोर्डे, बोळकर्णे, तांबडी सुर्ला. कदंबांच्या काळातलं ते काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ बघायला तास द्या. रात्र साकोर्डे किंवा मोलेच्या बाजूला. चौथा दिवस मोले, कुळे, सांगे, नेत्रावळी. हा लांबलचक आणि बराचसा डांबरी आहे, पन्नास-साठ किलोमीटर. चौथी आणि पाचवी रात्र नेत्रावळीतच. पाचव्या दिवशी सायकली हलक्या करून वेर्ले-तुडवकडे चढा. माझ्यासाठी पूर्ण सहलीतला सर्वांत चांगला दिवस हाच. सहाव्या दिवशी रिवण, केपे करून मडगाव.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे इथे येऊन मन खट्टू होणार नाही. गोव्यात माउंटन बाइकसाठी मुद्दाम बांधलेल्या वाटांचं जाळं नाही. ज्या आहेत त्या गावांच्या पायवाटा, काजूच्या बागांतले मातीचे रस्ते, कुळागरांमधल्या पाणंदी आणि जुने खाणरस्ते. सहा दिवसांत अर्धं अंतर डांबरावर जाईल. उरलेलं अर्धं मात्र असं आहे की त्यासाठी मी वीस वर्षं दुसरीकडे जायचं नाव काढलेलं नाही.

खाणरस्त्यांबद्दल सावध राहा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ८८ खाणपट्टे थांबले आणि डिचोली, सांगे, धारबांदोडा भागातले रुंद लाल रस्ते ओस पडले. नकाशाच्या ॲपवर ते आजही छान वाट म्हणून दिसतात. पण ती खाजगी जागा आहे, काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झालं आहे, आणि खंदकांचे काठ पावसानं खालून पोखरलेले असतात. वरून घट्ट दिसणारी कड सायकलसकट खाली बसते. खंदकातलं निळंशार पाणी गाळणीतून काढूनही पिऊ नका. गाळणी जंतू अडवते, पाण्यात विरघळलेलं अडवत नाही.

आता जमिनीविषयी, कारण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर सायकल चालवणाऱ्यांना इथली जमीन फसवते. पुण्याच्या बाजूला बेसॉल्ट आणि मुरूम. इथे जांभा. जांभ्याचा सडा (उघडा सपाट कातळ) वरून काँक्रीटसारखा कडक, आणि त्यावर वाटाण्याएवढे गोल लाल खडे पसरलेले. चाक त्यावर रुतत नाही, घरंगळतं. सरळ उतारावर काही जाणवत नाही. वळणात पुढचा ब्रेक जरासा जास्त दाबला की पुढचं चाक तुम्हाला न विचारता निघून जातं. ब्रेक वळणाआधी उरकायचा, वळणात सोडायचा, बाहेरचं पाऊल खाली दाबायचं. हे तुम्हाला माहीतच आहे. पण मागे आठ किलो सामान असताना पहिल्या दिवशी ते मुद्दाम, हळू, चार वेळा करून बघा. काजूच्या बागांत आणखी एक: पानगळीचा पाचोळा ढोपरभर साचतो आणि त्याखाली पावसानं कापलेली चर किंवा जांभ्याची पायरी लपलेली असते. ओळखीची वाट नसेल तर पाचोळ्यातून उतरताना एकाने पुढे चालत जावं.

एका डिसेंबरात आमच्यातला सगळ्यांत सफाईदार गडी अशाच उतारावर पडला. वेग काही नव्हता. खडे, वळण आणि एका बाजूला झुकलेली मागची पिशवी. गळ्याखालचं हाड (कॉलरबोन) मोडलं. फोनला रेंज नव्हती. मी अर्धा तास चालत वाडीवर पोचलो. तिथल्या एका काकांनी हातातलं काम टाकलं, पिकअप काढली आणि मागे पोत्यांवर गवताचा थर घालून त्याला निजवलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याआधी ते गाडी जवळजवळ थांबवत होते. आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत दोन तास गेले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक सहलीत दोन नियम आहेत. रोज सकाळी त्या दिवसाची वाट आणि पोचायची वेळ रात्रीच्या यजमानांना फोनवर सांगायची. आणि वाटेवरच्या प्रत्येक वाडीत गाडी असलेल्या एकाचा नंबर आधीच घेऊन ठेवायचा. १०८ ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथपर्यंत माणूस आणायचा ती तुमची जबाबदारी. मोठं काही झालं तर शेवटी बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालयच.

सायकलबद्दल थोडक्यात. हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) योग्य. टायर २.३ ते २.४ इंची, ट्यूबलेस, निघण्याआधी आठवडाभर नवं सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घातलेलं. काटेरी बांबू आणि करवंदीचे काटे सीलंटनं भागतात, जांभ्याच्या धारेनं कापलेली बाजू भागत नाही. म्हणून प्लग, आतून लावायला टायरचा तुकडा आणि माणशी एक ट्यूब. सामानासकट हवा नेहमीपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त. कॅरिअर आणि लटकत्या बॅगा नकोत, चौकटीत आणि हँडलला बांधलेल्या पिशव्याच घ्या. ड्रॉपर सीटपोस्ट (चालवताना सीट खाली-वर करणारी दांडी) असेल तर मागची पिशवी चाकाला घासत नाही ना, हे सीट पूर्ण खाली करून घरीच बघा. डिरेलर हँगर (मागचा गिअर चौकटीला जोडणारा धातूचा तुकडा) तुमच्याच मॉडेलचा, दोन नग. इथल्या गावात ब्रेकची केबल मिळेल, हँगर मिळणार नाही. ब्रेक पॅडचे दोन जादा जोड. लाल धूळ तेलकट साखळीवर सरसासारखी चिकटते, म्हणून मेणाचं वंगण आणि रोज संध्याकाळी फडक्यानं साखळी पुसणं.

तंबू स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा हवा. सड्यावर खुंटी जात नाही, वाकते. दोऱ्या दगडांना किंवा आडव्या ठेवलेल्या सायकलींना बांधायच्या. माडाखाली तंबू कधीही लावू नका, कितीही सावली असली तरी. नारळाचं सगळ्यांना सुचतं, पण सुकलेलं चुडत (माडाची झावळी) रात्री वाऱ्याशिवायही गळतं आणि ते दहा-बारा फूट लांब असतं. ओढ्याच्या आणि धरणाखालच्या नदीच्या पात्रात नाही. डिसेंबरात थंडी फार नाही, पंधरा-सोळा अंशांच्या खाली क्वचित जातं, पण दंव जबरदस्त. पहाटे तंबूचं बाहेरचं कापड पिळून घ्यावं इतकं ओलं असतं. नऊपर्यंत ऊन खाली येत नाही. म्हणून ओला तंबू तसाच गुंडाळून घ्या आणि दुपारच्या जेवणाच्या थांब्यावर वाळवा. झोळी (हॅमॉक) टांगणार असाल तर आंबा किंवा फणस बघा. पोफळीला टांगू नका, खोड वाकतं आणि ते झाड म्हणजे कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहे.

गोचिडींवर मात्र जरा थांबतो, कारण ही गोष्ट बाहेरच्या सायकलस्वारांना कुणी सांगत नाही. सत्तरीत माकडताप आहे. हा आजार १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. आमच्याकडे २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना झाला, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या सिंधुदुर्गातही. विषाणू गोचिडीतून येतो, हंगाम डिसेंबर ते मे. म्हणजे सायकलीला जी हवा उत्तम, तीच गोचिडींनाही. लहान अवस्थेतली गोचीड तिळाएवढी असते, पाचोळ्यात बसते आणि मोज्याच्या कडेनं वर चढते. काय करायचं: पाचोळ्यावर बसायचं नाही, टेकायचं नाही, जेवायलासुद्धा चादर किंवा दगड. लांब मोजे, त्यांत खोचलेली पँट, पायांना आणि मोज्यांना किडे पळवणारं औषध. संध्याकाळी आंघोळीआधी एकमेकांचं अंग बघणं: गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे. चिकटलेली असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, उदबत्तीचा चटका असले प्रकार नकोत. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, जागा लक्षात ठेवून जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: चावल्यानंतर ताप यायला तीन ते आठ दिवस लागतात. तोवर तुम्ही पुण्याला घरी असाल. अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, 'सत्तरीच्या जंगलात होतो, गोचीड चावली असेल.' तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना ते सुचायचं काही कारण नाही.

सापांचं भय त्यामानानं कमी. रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि बूट झटकून घालायचे, एवढं पाळलं तर पुरतं. ओढ्याकाठच्या झुडपांत हिरवा किंवा तपकिरी चापडा निश्चल बसलेला असतो, फांद्या हातानं बाजूला सारताना बघून.

गवारेडा हा गोव्याचा राज्यप्राणी आणि संध्याकाळच्या वाटेवरचा मालक. एकदा मी दिवसाला सत्तर किलोमीटर आखले होते, जास्त झाले. सहा वाजून गेले, झाडीत काळोख. उतारावरच्या वळणावर रस्त्यात काहीतरी उंच काळं उभं होतं. मला वाटलं कुणी पाण्याची टाकी आणून ठेवली आहे. मग त्या टाकीनं नाकातून जोरात हवा सोडली. पंधरा पावलांवर होतो. पाय पांढरे, गुडघ्यापासून खाली मोजे घातल्यासारखे, आणि बाकीचं धूड काळोखातच. आम्ही सायकली मध्ये धरून एकेक पाऊल मागे सरलो, दिवा त्याच्या डोळ्यांवरून काढून जमिनीवर टाकला आणि गप्प उभे राहिलो. दहा मिनिटांनी तो कुंपण नसल्यासारखा कुंपणातून गेला. त्यानंतर मी डांबरी टप्पे सोडून दिवसाचं अंतर पंचेचाळीसवर आणलं आणि चाकं पाचला थांबवतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या जरा पुढे मावळतो, पण जंगलात उजेड साडेपाचलाच संपतो. शेतांच्या कडेला रानडुकरांसाठी लावलेली झटक्याची तारही त्या वेळी दिसत नाही, आणि ती बरोबर हबच्या उंचीवर असते.

पाणी माणशी तीन लिटर वाहायचं, दिवसभरात पाच-सहा प्यायचं. जानेवारीत लहान वझर (झरे-धबधबे) आटायला लागतात, म्हणून नकाशावरच्या निळ्या रेघेवर विसंबू नका, घरांवर विसंबा. इथे कुणी पाणी नाकारत नाही. खाण्यात माझं मत ठाम आहे: चूल-स्टोव्हचा पसारा कमी करा. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला गोव्यात बंदी आहे, आणि जंगलात तर नाहीच. रात्रीचं जेवण यजमानांकडे पैसे देऊन सांगा. ब्रह्मकरमळीकडे ज्यांच्या अंगणात मी उतरतो त्या काकी सकाळी सातला उकड्या तांदळाची पेज, वर मीठ, सोबत भाजलेला बांगडा किंवा खाराची मिरची देतात. दमट हवेत घामावाटे गेलेलं मीठ भरून काढायला याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही. वाटेसाठी पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोय, म्हणजे गोव्याचा गोल पाव, घ्या, दिवसभर मऊ राहते. खिशात जत्रेतलं खाजं ठेवा. बेसन, गूळ आणि आलं, चढावर दोन तुकडे पुरतात, आणि चॉकलेटसारखं वितळत नाही.

सत्तरीत देवराया आहेत. बांबरची निरंकाराची राय तर पाण्यात उभ्या असलेल्या झाडांचं दुर्मीळ जंगल आहे, जमिनीतून मुळं ढोपरासारखी वर आलेली. तिथे सायकल बाहेर ठेवून, गावात विचारून, चालतच जायचं. तसंच रिवणपुढच्या पणसायमळला. कुशावतीच्या काठावर जांभ्याच्या कातळावर कोरलेले बैल, हरणं आणि एक चक्रव्यूह आहे. त्या कातळावर चाक चढवू नका. लाल माती झिजलेल्या रेषांत बसली की त्या दिसेनाशा होतात.

तारीख अजून पक्की नसेल तर डिसेंबरचा पहिला ते जानेवारीचा तिसरा आठवडा धरा, नाताळ ते नववर्ष सोडून. त्या दहा दिवसांत थिवी आणि मडगावच्या गाड्यांमध्ये तुम्हालाच जागा मिळायची मारामार, सायकली तर दूरच. फेब्रुवारी संपता संपता काजू सुरू होतो, सगळं गाव बागेत असतं आणि यजमानांना वेळ नसतो. शिगम्याच्या दिवसांत गावात पाहुणे म्हणून या, पण साळसारख्या गावांत गड्यांच्या रात्री (गडी मंडळी रात्री डोंगरात फिरतात तो विधी) असतात तेव्हा डोंगरात तंबू लावून बसू नका.

परतीला मडगावच्या पार्सल कार्यालयात गाडीच्या किमान तीन तास आधी पोचा. सायकली धुऊन, हवा अर्धी सोडून, पेडल काढून न्या. येतानाची खोकी थिवीलाच टाकून देऊ नका, कुणाकडून तरी मडगावला पाठवायची सोय आधीच करून ठेवा.